पारावर वाढलेला साप

हंसाबाईनं विळा पदराला पुसला, पातं उन्हात धरून एकदा न्याहाळलं आणि मूठ नानाजींच्या पुढे केली.

"घ्या भाऊ," ती म्हणाली. "तुमचा हात बसेल हाय."

नानाजी विहिरीकडून धावत आले होते. पासष्टीचा माणूस कापसाच्या भरल्या पऱ्हाटीतून धावतो तेव्हा धावणं कमी आणि झाडांशी झटापटच जास्त होते. धोतराच्या सोग्याला चार ठिकाणी बोंडं लटकली होती आणि एक चप्पल मागं कुठेतरी मातीत रुतून राहिली होती. समोर, दोन ओळींच्या मधल्या जागेत त्यांची बायको कोकिळा बसली होती. कमरेच्या ओटीतला वेचलेला कापूस तिच्या मांडीवर सांडला होता. उजवा पाय पुढे पसरलेला, आणि पावलावर, बोटांच्या जरा वर, शेजारी शेजारी दोन लाल ठिपके.

भोवती वेचणाऱ्या आठ-नऊ बाया. एकीनं कोकिळेला पाठीमागून धरलं होतं. दोघींनी जुन्या लुगड्याच्या तीन पट्ट्या फाडून एक घोट्यावर, एक गुडघ्याखाली आणि एक मांडीवर गुंडाळली होती. गाठी मात्र अजून आवळल्या नव्हत्या. गाठ बैलाच्या दाव्याची मारायची की साधी, यावरून दोघींचं जमत नव्हतं. नानाजींनी एका वर्षी दाव्याची सांगितली होती, दुसऱ्या वर्षी साधी.

"परड होती मामाजी," अर्पिता म्हणाली. ही त्यांची सून. आवाज कापत होता, पण जे पाहिलं ते ती नीट सांगत होती. "जाड होती. पाठीवर साखळीवानी गोल ठिपके. कुकरवानी आवाज करे. त्या तिकडच्या तुरीच्या बुडाशी गेली."

पुस्तकात जिला घोणस म्हणतात तिला नेरकडच्या वावरांत परड म्हणतात, आणि ते नाव घेताना माणसाचा आवाज आपोआप खाली येतो.

नानाजींनी विळ्याकडे पाहिलं, मग बायांकडे. चेहऱ्यांवर भीती होतीच, पण भीतीखाली एक भरवसाही होता. जाणता माणूस आला, आता काही होत नाही, असा. त्या भरवशामुळेच नानाजींनी मुठीला हात लावला नाही.

गावात पारावर टेकलेला असा एकही माणूस नव्हता ज्याला नानाजींच्या परडीची गोष्ट ठाऊक नव्हती. बाविसाव्या वर्षी, लग्नाच्या आधी, तुरीच्या वावरात त्यांच्या पिंढरीला परड डसली. त्यांनी डोक्याचा शेला फाडून पाय तीन ठिकाणी करकचून आवळला, विळ्यानं फुली मारली, तोंड लावून विष ओढलं आणि थुंकलं. ज्या बोरीवर थुंकलं ती बोर दुपारपर्यंत वाळून कोळसा झाली. मग नानाजींनी चार हिरव्या मिरच्या चावून खाल्ल्या, राहिलेला तुकडा वखरून काढला आणि घरी येऊन सहा भाकरी संपवल्या. परड मात्र चार हात गेली आणि उलटी पडली, कारण नानाजींचं रक्त तिला पचलं नाही. पुरावा म्हणजे पिंढरीवरचे दोन खोल वण. तो मागायची वेळच यायची नाही, आधीच धोतर वर झालेलं असायचं. पहिल्या वर्षी तो साप अडीच हाताचा होता. दर होळीला वीतभर वाढत आता तो बैलबंडीच्या जुवाएवढा झाला होता. कोकिळा घरात म्हणायची की हा साप वावरात कमी आणि पारावरच जास्त वाढला. पण ते घरात. बाहेर गोष्ट सुरू झाली की ती पदर सावरून निघून जायची, आणि लोकांना वाटायचं, बिचारीला अजूनही ऐकवत नाही.

मागच्या वर्षी वेचणी सुरू व्हायच्या आधी विमलताई शाळेच्या वऱ्हांड्यात चित्रांचा तक्ता घेऊन आल्या होत्या. गावच्या आरोग्याचं पाहणाऱ्या आशाताई त्या. साप चावला तर काय करायचं आणि काय नाही, हे सांगायचं होतं. बारीक आवाज, तोलून मापून बोलणं, आणि प्रत्येक वाक्याला एक बोट वर. घाबरवू नका, हलवू नका, बांधू नका, कापू नका, चोखू नका. इथवर आल्या आणि मागून नानाजी उठले. धोतर वर झालं. मग हे काय मांजरीनं ओरबाडलं का, असं त्यांनी अगदी नम्रपणे विचारलं. वऱ्हांडा हसून लोळला. विमलताईंनी उरलेली चित्रं दाखवली, पण पाहत कोणीच नव्हतं. तक्ता गुंडाळताना त्यांचे कान लाल झाले होते. नानाजींनी ते पाहिलं होतं, आणि पारावर सांगितलंही होतं.

तेवढ्यावर ते थांबले नाहीत. त्या दिवसापासून विमलताईंची नक्कल हा पारावरचा नवा खेळ झाला. आता नक्कल करायची तर शब्द इकडचा तिकडे होता कामा नये, ही नानाजींची शिस्त. गोष्टीत वाट्टेल ते घालावं, नकलेत टाचणीएवढंही नाही. त्यामुळे तक्त्यावरची सगळी वाक्यं त्यांना शाळेतल्या पोरापेक्षा पक्की पाठ होती. सगळ्यात मोठा हशा यायचा तो जोडव्यांच्या वाक्याला. "पायाला चावलं असेल तर जोडवी, साखळ्या लगेच काढून घ्या." एवढं म्हणून नानाजी बोट तसंच वर ठेवत आणि स्वतःच्या आवाजात पुसत, "कोकिळेची जोडवी काढाले मी अगुदर मरू का मंग मरू, तेवढं ताईले इचारून घ्या."

आता कोकिळेच्या उजव्या पायात, अंगठ्याशेजारच्या बोटात, ती दोन चांदीची जोडवी होती. आणि ते बोट फुगायला लागलं होतं.

"घ्या ना भाऊ," हंसाबाई म्हणाली. ती तांड्यावरून बाया घेऊन वेचायला यायची, आणि परडीची गोष्ट तिनं तांड्यावरही नेली होती. "येळ होऊन राह्यला."

नानाजींनी विळा घेतला. तोंड उघडलं. आणि जे बाहेर पडलं ते बारीक आवाजात पडलं.

"बांधू नका. कापू नका. चोखू नका."

दुसऱ्या आवाजात ती वाक्यं त्यांना येतच नव्हती. बोटसुद्धा आपसूक वर गेलं होतं.

मागच्या एका बाईला फसकन हसू फुटलं. तिनं लगेच तोंडावर पदर घेतला.

"नक्कल कायले करून राह्यले भाऊ?" हंसाबाई म्हणाली. "तुमची बायको हाय ते."

"नक्कल नाही." आता आवाज त्यांचा होता, पण पार बसलेला. "पट्ट्या सोडा. मले साप चावलाच नाही."

"आता नाही चावला. तवा चावला ना."

"तवाही नाही."

बायांना ते पटलं नाही. हंसाबाईनं मान हलवली आणि अर्पिताला हळूच सांगितलं की धसक्यानं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं आहे, त्यांना बाजूला बसव, पुढचं मी करते, मला सगळं ठाऊक आहे. मग तिनं विळ्याला हात घातला. मूठ नानाजींच्या हातात, मुठीवर हंसाबाईची बोटं. चाळीस वर्षं ज्या थापेला कोणी कधी नाही म्हटलं नव्हतं, तिच्यासमोर त्यांचं खरं बोलणं उपऱ्यासारखं उभं होतं आणि त्याला कोणी जागा देत नव्हतं.

"कुत्रं होतं," खालून कोकिळा म्हणाली.

सगळ्यांनी खाली पाहिलं. तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता. आवाज मात्र रोजचा होता, जेवायला हाक मारतानाचा.

"माह्या बापाचं कुत्रं. लाल्या नाव होतं. आमचं लग्न जुयलं तवा हे मले चोरून पाहाले आलते, आमच्या ढोराच्या वाडग्याच्या मांगून. लाल्यानं पिंढरी धरली. म्याच सोडवलं." ती थांबली, कोरडे ओठ ओले केले. "मंग यवतमायले जाऊन पोटात चौदा सुया घेतल्या यायनं. डॉक्टराच्याच घेतल्या. सोडा आता त्या पट्ट्या."

हंसाबाईनं विळ्यावरची बोटं काढली. तिनं नानाजींकडे पाहिलं, ते पुढे कितीतरी दिवस त्यांच्या डोळ्यांपुढून जाणार नव्हतं. त्यात राग नव्हता. भाकरीत खडा लागल्यावर माणूस हातातल्या भाकरीकडे पाहतो, तसं ते पाहणं होतं.

मग मात्र कामाला हात लागले. एक बाई काठी घेऊन परडीच्या मागं निघाली होती, तिला नानाजींनी परत बोलावलं. साप मारून विष उतरत नाही, सापामागं लागू नका. हेही तक्त्यावरचंच होतं. परड गेली त्याच्या उलट्या बाजूला, पाय आपटत जाऊन त्यांनी विळ्यानं तुरीचे दोन सरळ दांडे कापून आणले. पायाच्या दोन्ही अंगांना ते लावले आणि फाडलेल्या त्याच तीन पट्ट्यांनी बांधले, मोडलेलं हाड बांधतात तसे, खालून बोट फिरेल इतपत सैल. हंसाबाई समोर बसून दांडे धरत होती. अर्पितानं चावला तेव्हाच मोबाईलवर वेळ पाहून ठेवली होती, तिनं आता विमलताईंना फोन लावला. त्यांनी सांगितलं की एक पाऊलसुद्धा चालवू नका, सरळ नेरला न्या, मी फाट्यावर उभी राहते आणि दवाखान्यात कळवते.

नानाजी कोकिळेच्या पायाशी बसले आणि जोडव्याला हात लावला. तिनं पाय ओढायला पाहिलं.

"हालू नोको."

"ते राहू द्या," ती म्हणाली. "तुम्ही जिते हा."

नवरा असेपर्यंत जोडवं उतरत नाही, हे बायांना कोणी तक्त्यावर दाखवलं नव्हतं. ते आईच्या पायांकडे पाहूनच कळलेलं. आणि याच वाक्यावर त्या सगळ्या वर्षभर हसल्या होत्या.

"जिता हाव म्हनूनच मी काढून राह्यलो," नानाजी म्हणाले. "मेल्यावर काढाले दुसऱ्या बाया येतात."

कोकिळेनं त्यांच्याकडे पाहिलं. थट्टा आहे की काय, हे ती चेहऱ्यावर शोधत होती. ती सापडली नाही, तेव्हा तिनं डोळे मिटले आणि पाय सैल सोडला. पहिलं जोडवं सरळ निघालं. दुसऱ्याला सुजेनं धरलं होतं. बंडीच्या चाकाची खीळ काढावी तसं नानाजी ते जरा जरा फिरवत, पुढे घेत राहिले. निघालं तेव्हा बोटावर बेचाळीस वर्षांचा पांढरा वळ उघडा पडला. दोन्ही जोडवी त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकली आणि वरून हात दाबून पाहिला.

झोपडीतली बाज आणली. चौघींनी बाजेवरून कोकिळेला वावराच्या कडेच्या धुऱ्यापर्यंत नेलं. रस्त्यावर हंसाबाईचा भाचा राजकुमार कापूस भरायला पिकअप घेऊन आलाच होता. गाडी अर्धी भरली होती. कापसात खोलगट जागा करून कोकिळेला आडवं केलं, आणि तिच्या पायाशी नानाजी बसले, दोन्ही हातांनी तो बांधलेला पाय धरून. आपणच पेरलेला, आपणच वेचलेला कापूस अंगाखाली घेऊन ती निघाली तेव्हा हंसाबाई रस्त्यात उभी राहून राजकुमारला सांगत होती की खड्डे चुकव, पण थांबू नको.

फाट्यावर विमलताई चढल्या. चढल्या चढल्या त्यांनी पट्टीखाली बोट घालून फिरवून पाहिलं. रिकामं झालेलं बोट पाहिलं. मग नानाजींकडे.

"कोनं केलं हे?"

कोकिळाच म्हणाली, "तुमचंच ऐकून केलं यायनं. वरीसभर तेच तर बोलून राह्यले हे."

"बराबर हाय," विमलताई म्हणाल्या आणि त्यांनी तोंड रस्त्याकडे फिरवलं. कान लाल झाले होते.

नेर नऊ किलोमीटर. सूज घोट्याकडे सरकत होती. कोकिळेनं पाय दुखतो म्हणून एकदाही सांगितलं नाही, पण कापसातली तिची मूठ उघडझाप करत होती.

"काही बोला," ती म्हणाली. "तुम्ही गप बसले का मले भेव लागते."

"काय बोलू?"

"लाल्याचं सांगा."

बेचाळीस वर्षांत ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. सुरुवात कुठून करायची हेही त्यांना उमगेना. मग त्यांनी सांगितलं. दोस्ताची पांढरी पँट मागून घातली होती आणि ती कमरेला ढिली होती. वाडग्याच्या कुडाला एक भोक होतं, पण ते इतकं खाली की पाहायला उकिडवं बसावं लागलं. भोकातून दिसली ती म्हशीची मागची बाजू. बराच वेळ म्हैसच दिसत राहिली. मग म्हैस सरकली आणि एक वेणी दिसली. चेहरा दिसायच्या आत लाल्या आला.

"मंग?"

"मंग तू आली. बालटी फेकून मारली."

"कुत्र्याले मारली होती."

"लागली मले."

कोकिळेचं पोट हसण्यानं हललं. विमलताईंनीही ओठ दाबले, आणि मग बोट वर करून सांगितलं, "हसवू नका त्याइले. पाय हालते."

नानाजींनी पाय आणखी नीट धरला. त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. एवढं सगळं सांगितलं, पण त्यात पदरचं त्यांनी काहीच घातलं नव्हतं. घालायला जागाच नव्हती.

नेरच्या दवाखान्यात खाट तयार होती. डॉक्टर मॅडम तरुण होत्या आणि चालता चालता विचारत होत्या. कधी चावला? दहा वाजून दहा मिनिटांनी. अर्पितानं सांगितलेलं विमलताईंनी तसंच सांगितलं. काय दिलं? काही नाही. झाडपाला, मिरच्या? काही नाही. करकचून बांधलं? नाही. कापलं? नानाजींनी मान हलवली. मॅडमनी एका काचेच्या नळीत थोडं रक्त घेतलं आणि ती खिडकीजवळच्या टेबलावर उभी करून ठेवली. वीस मिनिटं तिला कोणी हात लावायचा नाही, म्हणाल्या. रक्त गोठलं तर चांगलं.

वीस मिनिटांत नानाजी पारावर तीन साप आणि एक वाघ उरकत. त्या वीस मिनिटांत त्यांना काही म्हणजे काही सुचलं नाही. ते नळीसमोर उभे राहिले. बाहेर राजकुमार पिकअप पुसत होता, कापसाच्या गाडीला पुसण्यासारखं काही नसतानाही. मॅडमनी येऊन नळी आडवी केली. रक्त पाण्यासारखं वाहून पार तोंडापर्यंत आलं.

मॅडम जागेवर थांबल्या नाहीत. सिस्टरला औषधाच्या बाटल्या काढायला सांगितल्या, सलाईन लावलं, आणि सुई शिरत असतानाच नानाजींना म्हणाल्या, "विष चढलंय. पण वेळेत आणलंत. कापलं असतं तर ते रक्त थांबलंच नसतं, इथवर येईपर्यंत फार गेलं असतं. कोणी सांगितलं तुम्हाला कापू नका म्हणून?"

नानाजींनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. तळव्याला तुरीचा हिरवा चीक लागला होता, तो वाळून काळा पडत होता.

"आमच्या विमलताईनं," ते म्हणाले.

संध्याकाळी कोकिळेच्या हिरड्यांतून रक्त आलं, सूज पोटरीच्या मध्यापर्यंत चढली आणि थांबली. मुलगा अमर यवतमाळहून आला आणि आईच्या उशाशी बसून राहिला. पुन्हा नळी भरली, पुन्हा बाटल्या लागल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडमनी नळी आडवी केली, मग पार उलटी केली, तरी रक्त हललं नाही. नळीच्या बुडाला ते गुळासारखं धरून बसलं होतं. मॅडम हसल्या. नानाजी व्हरांड्यात गेले, नळाखाली तोंड धुतलं, आणि ते पुसायला काही नाही म्हणून तसेच ओल्या तोंडानं बराच वेळ उभे राहिले.

तिथंच विमलताईंनी त्यांना गाठलं. सोमवारी शाळेत पुन्हा कार्यक्रम आहे, तुम्ही या, म्हणाल्या. नानाजी म्हणाले की मी कोणत्या तोंडानं येऊ, हंसाबाईनं एव्हाना तांडा आणि गाव दोन्हीकडे लाल्याला पोचवलं असेल.

"माही नक्कलच करा," विमलताई म्हणाल्या. "मले कोनी ऐकत नाही. नक्कल साऱ्याइले पाठ हाय. फक्त जोडव्यापाशी थांबजा, त्याच्या पुढचं बोलजा नोका."

तिसऱ्या दिवशी सकाळी नानाजी चहा घेऊन आत आले आणि दारातच थांबले. कोकिळा उशीला टेकून बसली होती. हंसाबाई भेटायला आली होती, आणि शेजारच्या दोन खाटांवरच्या बाया आपापलं दुखणं विसरून कुशीवर वळल्या होत्या.

"बंडीच्या जुवाएवढी परड होती बाई," कोकिळा सांगत होती. "अशी फुसकारली, का चार ओळीचे कच्चे बोंडं फटफट फुटले. वेचाचं काम वाचलं आमचं."

हंसाबाईनं गंभीरपणे मान डोलावली. ती त्या ओळींतच उभी होती.

नानाजी तिथंच, हातात चहाचे ग्लास घेऊन ऐकत राहिले. परड आणखी हातभर वाढली. तिच्या डोळ्यांतून धूर आला. पिकअप नऊ किलोमीटर सहा मिनिटांत धावली आणि राजकुमारनं एकही खड्डा लागू दिला नाही, जे गावातल्या कोणत्याही माणसानं खरं मानलं नसतं. पण पट्टी आली तिथं ती सैलच होती. विळा आला तिथं त्यानं फक्त तूर कापली. मिरच्या नव्हत्या, चालणं नव्हतं, वेळ मोबाईलवर पाहिलेली होती. नानाजी एखादी चूक सापडते का म्हणून कान देऊन होते. एकही सापडली नाही. सापावर तिनं वाट्टेल ते चढवलं होतं, इलाजाला मात्र टाचणीएवढाही हात लावला नव्हता.

ते आत आले. कोकिळेनं चहा घेतला आणि पांघरुणाखालून उजवा पाय बाहेर काढला. सूज उतरत होती. नानाजींनी खिशातून एक जोडवं काढलं आणि बोटाला लावून पाहिलं. ते अर्ध्यावर अडलं.

"राहू द्या तुमच्यापाशी," ती म्हणाली. "घरी गेल्यावर पाहू."

त्यांनी ते परत खिशात टाकलं आणि वरून हात दाबून पाहिला.

"भाऊ," शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "तुमालेही काही चावलं होतं म्हनते?"

हंसाबाईनं खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. नानाजींनी एकदा बायकोकडे पाहिलं, मग धोतर पिंढरीपर्यंत वर घेतलं.

"कुत्रं होतं," ते म्हणाले.

"केवढं?"

नानाजींनी हात गुडघ्यापाशी धरला. लाल्या होता तेवढाच, ना बोटभर कमी, ना जास्त. बाईच्या तोंडावरचा उत्साह मावळला. एवढ्याशा कुत्र्याचं काय, असं तिला झालं असावं. ती पुन्हा पाठीवर वळू लागली.

कोकिळेनं चहावर फुंकर घातली.

"वासराएवढं होतं," ती म्हणाली. "म्या सोडवलं, म्हनून मले माहीत."

नानाजींचा गुडघ्यापाशी धरलेला हात हळूच वीतभर वर सरकला.